सेवाभावाला नियमांची जोड : स्वयंसेवक मंडळासाठी एक पाठ

सन्माननीय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांस,

अहवालातील जमाखर्चाची पाने आपण काळजीपूर्वक पाहता. प्रत्येक व्हाउचर लेखापरीक्षकांच्या नजरेखालून जाते व धनादेशावर दोन स्वाक्षऱ्या असतात. त्यामुळे खजिनदारांवर अविश्वास दाखविला असे कोणी मानीत नाही. प्रामाणिक खजिनदारांना तर या तपासणीचा आधारच वाटतो. मात्र बालविभागात व नेत्रशिबिरांत विनामूल्य सेवा देणाऱ्या स्वयंसेवक मंडळाला हीच शिस्त लावण्याचा विषय निघाला, तेव्हा आम्हीच प्रथम संकोचलो. सेवेसाठी आलेल्या माणसाची चौकशी कशी करावी? या प्रश्नाच्या निमित्ताने आम्ही दोन घटनांचा अभ्यास केला.

पहिली घटना आपल्याच जिल्ह्यातील आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी पल्स पोलिओ मोहिमेत घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पाच वर्षांखालील १२ बालकांना लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. बालकांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. सुदैवाने त्यांची प्रकृती स्थिर राहिली. संबंधितांवर निलंबनाची कारवाई झाली. वास्तविक पोलिओ लसीच्या कुपीवर एक वर्तुळ व त्यात एक चौकोन छापलेला असतो. उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळापेक्षा फिका असेल तरच लस वापरावयाची असते. म्हणजे प्रत्येक कुपी डोळ्यांनी पाहण्याचा नियम होताच. काम पुण्याचे असले तरी हातातील वस्तू पाहण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही, हा या घटनेचा बोध.

दुसरी घटना शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील. राजुरा येथील एका वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील लैंगिक अत्याचाराचे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना माहिती असूनही त्यांनी पोलिसांना कळविले नाही, असा आरोप ठेवण्यात आला. उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये डॉक्टरांविरुद्धचा गुन्हा रद्द केला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला. आरोप खरा की खोटा हे ठरविणे खटल्याचे काम आहे. तथापि अल्पवयीनावरील अत्याचार माहीत असून न कळविणे हा गंभीर गुन्हा होय, हे न्यायालयाने त्या वेळी स्पष्ट केले. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा असा गुन्हा दडविल्यास त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्हेतूने माहिती देणाऱ्यास मात्र कायद्याचे संरक्षण आहे. संस्थेचे नाव जाईल म्हणून गप्प बसणे हा पर्याय यापुढे आम्हाला उपलब्ध नाही, आणि तो कधीच असावयास नको होता.

प्रौढ रुग्णांचा प्रश्न वेगळा, पण तितकाच नाजूक. एका स्वयंसेवक भगिनीने शस्त्रक्रियेसाठी आलेल्या वृद्ध मातोश्रींचे निराधार योजनेचे पासबुक व काही रोख रक्कम आपुलकीने स्वतःजवळ ठेवली. नोंद कोठेच नव्हती. मुलगा न्यावयास आला त्या दिवशी भगिनी रजेवर होत्या. पासबुक व पैसे दोन दिवसांनी जसेच्या तसे मिळाले. तथापि ते दोन दिवस त्या भगिनींवर संशयाची छाया राहिली, आणि त्यांच्या बाजूने दाखविण्यास आमच्यापाशी एक चिठ्ठीही नव्हती. चूक आमची होती. नियम नसला की दुर्बलाची फसवणूक सोपी होते आणि सज्जनाला आपला सज्जनपणा सिद्ध करता येत नाही, हे त्या दिवशी आम्हाला उमगले.

म्हणून मंडळासाठी पुढील नियम आम्ही लागू केले आहेत. पॉक्सो नियम २०२० प्रमाणे मुलांच्या नित्य संपर्कात येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करावयाची असते. स्वयंसेवक पगारी नसला तरी बालकाला हा भेद ठाऊक नसतो; म्हणून पडताळणी सर्वांचीच होईल. बालकाजवळ कोणीही एकटा स्वयंसेवक राहणार नाही. सोबत परिचारिका किंवा पालक असतील. औषध वा कोणताही द्रव स्वयंसेवकाने स्वतःच्या हाताने पाजावयाचा नाही. रुग्णाचे पैसे, पासबुक अथवा दागिने स्वीकारणे आणि कोणत्याही कागदावर रुग्णाचा अंगठा घेणे वर्ज्य आहे; मौल्यवान वस्तू कार्यालयात दोघांच्या समक्ष पावती करून ठेवल्या जातील. शंका आल्यास प्रथम चौकशी करीत न बसता त्याच दिवशी प्रभारी अधिकाऱ्यांना सांगावे, आणि त्यांनी पोलिसांना कळवावे. प्रभारींविषयीच शंका असेल तर थेट पोलीस ठाणे गाठावे. मुलांसाठी १०९८ व ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हे मदतीचे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक वॉर्डात लावले आहेत.

देणगीदारांना एक विनंती आहे. आपल्या देणगीतून बरे झालेले मूल पाहण्याची, त्याच्यासोबत छायाचित्र काढण्याची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु उपकाराच्या भाराखाली पालकांना नकार देता येत नाही. म्हणून यंदाच्या अहवालात बालरुग्णांची छायाचित्रे व नावे नाहीत. पाने थोडी कोरी वाटतील, ती आपण समजून घ्यावीत.

आणि रुग्णांच्या आप्तेष्टांना सांगणे एवढेच की, आमच्या माणसाला ओळखपत्र विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. कोणी रागावल्यास कार्यालयात यावे. हिशेब विचारणाऱ्या विश्वस्तांचा आम्हाला राग येत नाही. आपल्या लेकराविषयी वा वृद्ध मातापित्यांविषयी विचारणाऱ्याचा तर येताच कामा नये.

आपले विनम्र,
रुग्णालय प्रशासन