कचेरीतल्या माणसाचे कोळी

पुणे

चि. केतकीस,


मंगळवेढ्याच्या तहसील कचेरीत महसूल सहायक म्हणून रुजू झालीस, याचा आनंद ताईच्या आवाजात फोनवरूनही कळत होता. तुझ्या पत्रात तो दिसला नाही. पीएच.डी. करायची होती, घरच्या ओढाताणीमुळे नोकरी धरावी लागली, आता कोळ्यांचा अभ्यास संपला, असं तू लिहितेस. पहिल्या दोन गोष्टी मला मान्य आहेत. तिसरी नाही. त्यासाठी तुला कार्ल अलेक्झांडर क्लर्क या स्वीडिश सरदारपुत्राबद्दल सांगायला हवं.

सरदारपुत्र म्हटल्यावर वाडा, नोकरचाकर आणि रिकामा वेळ डोळ्यांपुढे येतो. क्लर्ककडे घराण्याचं नाव होतं, पैसा बेताचाच. जन्म १७०९ चा. १७२६ साली तो उप्साला विद्यापीठात गेला, पण पैशाअभावी शिक्षण अर्ध्यावर सोडून सरकारी नोकरीत शिरला आणि पुढे स्टॉकहोम शहराच्या कारभारात काम करत राहिला. १७३९ साली त्याच शहरात त्याने निसर्गशास्त्रज्ञ लिनियसचं व्याख्यान ऐकलं आणि निसर्ग-अभ्यासाची गोडी लागली. तेव्हा तो तिशीचा होता. तू त्याहून लहान आहेस आणि पदवी पुरी करून बसली आहेस.

त्याने कोळी निवडले, ही त्याची खरी हुशारी. दूरदेशीचे प्राणी मिळवायला जहाजं लागतात, ओळखीपाळखी लागतात. कोळी भिंतीच्या कोपऱ्यात, कुंपणावर, डबक्यात असतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. शिवाय त्याने हद्द आखून घेतली : फक्त स्वीडनचे कोळी. १७५७ साली त्याचं ‘स्वेन्स्का स्पिंडलर’ हे पुस्तक आलं. मजकूर स्वीडिश आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांत, साठांहून जास्त जातींची वर्णनं, सोबत रंगवलेल्या चित्रांचे तक्ते. पाण्याखाली हवेचा बुडबुडा धरून राहणारा कोळी त्यात आहे. फुलावर दबा धरणारा आणि ज्याची मादी पांढऱ्याची पिवळी होऊ शकते असा खेकडा-कोळीही आहे.

या पुस्तकाचा मान तुला शिकताना कुणी सांगितला नसेल. लिनियसने वनस्पतींना दोन शब्दांची नावं १७५३ साली दिली होती. प्राण्यांच्या नावांचा हिशोब मात्र त्याच्या ‘सिस्टिमा नॅच्युरी’च्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तीपासून धरतात. त्याआधीचं नाव नियमाने बाद. अपवाद एकच, क्लर्कचं पुस्तक. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत ते १ जानेवारी १७५८ ला प्रसिद्ध झालं असं मानून घेतलं आहे आणि लिनियसच्या नावांपेक्षा त्यातल्या नावांना अग्रक्रम दिला आहे. पाठीवर क्रूस असलेल्या बागेतल्या कोळ्याला लिनियसने ‘अरानिया डायडेमा’ म्हटलं, पण टिकलं ते क्लर्कचं ‘अरानियस डायडेमाटस’. याच जातीच्या दोन माद्या, अ‍ॅराबेला आणि अनिटा, १९७३ साली स्कायलॅबमधून अंतराळात गेल्या आणि वजन नसतानाही जाळं विणता येतं, हे त्यांनी दाखवलं.

पुढे त्याने दुर्मीळ कीटकांच्या चित्रांचं मोठं काम हाती घेतलं. राणी लोविसा उल्रिकाच्या संग्रहातली फुलपाखरंही त्यात होती. पंचावन्न तक्ते झाले, आणि ते पुरं होण्याआधीच १७६५ साली तो गेला. ते तक्तेही मोलाचे आहेत. पण कोळ्यांचं पुस्तक पुरं झालं ते हद्द लहान होती म्हणून, असं मला वाटतं.

आता तुझ्याबद्दल. कचेरीच्या वेळेत कचेरीचंच काम कर. लोक लांबून येतात, त्यांचे दाखले थांबू देऊ नकोस. पण सकाळचा तास आणि रविवार तुझे आहेत. ‘भारतातले कोळी’ असलं काही मनात धरू नकोस. मंगळवेढा तालुका पुष्कळ झाला. तुझ्याकडच्या काटेरी झुडपांवर एकत्र राहणाऱ्या कोळ्यांची मळकट, गुंतागुंतीची घरटी शोध. एका जाळ्यात शेकडो जण नांदतात आणि शिकार मिळून खातात. एक झुडूप निवड आणि वर्षभर तेच बघ. पावसाळ्यात कुंपणावर नागमोडी पांढरी नक्षी घातलेलं जाळं दिसलं, तर नक्षी रोज सारखी असते का ते नोंदव. यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही, चिकाटी लागते.

नोंदीत आधी डोळे लिही : किती, कुठल्या ओळीत, मोठे कोणते. फोटो वरूनही काढ, समोरूनही काढ. नर की मादी, वाढ पुरी झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय जातीचं नाव लिहू नकोस. अर्धवट वाढलेल्या कोळ्यावरून जात ठरवायला गेलीस, तर फसशील. ओळख पटली नाही तर जागा कोरी ठेव आणि जाणकाराला विचार.

नवं काही सापडायचं उरलंय का, असंही तू विचारतेस. २०२१ साली ठाणे-कल्याण भागातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचं वर्णन ‘इसिअस तुकारामी’ या नावाने प्रसिद्ध झालं. २६/११ ला कसाबला धरून ठेवताना प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे यांचं ते नाव. एवढ्या गजबजलेल्या भागात हे घडतं, तर तुझ्या माळरानावर काय काय असेल! तरी नव्या जातीच्या मागे लागू नकोस. तालुक्यात काय आहे, कुठे आहे, कधी दिसतं, एवढी यादी नीट कर आणि ती छापायला दे. कपाटातल्या नोंदी कितीही चांगल्या असल्या तरी दुसऱ्याच्या कामाला येत नाहीत.

नोकरीने तुझा पगार ठरला, कुतूहल नव्हे. दिवाळीला येशील तेव्हा पहिल्या दहा जातींची नोंद घेऊन ये. तपासायला मी बसतो, चुका दाखवताना भाची म्हणून सूट मिळणार नाही.

तुझा,
मामा