थोरलीला विचारलंत का?

परदेशातल्या मुलाने फोनवर सांगितलं की लग्न करायचंय ती मुलगी तिकडचीच आहे, तेव्हा तुमच्या घरात काय झालं असेल ते न सांगताही कळतं. आधी कुणीच काही बोललं नसेल. मग ताई, तुम्ही विचारलं असेल, "खाईल काय ती आपल्याकडचं?" आणि दादांनी, "भावकीला काय सांगायचं?" प्रश्न खरे आहेत, पण त्यातल्या त्यात सोपे आहेत. पिठलं-भाकरी आवडीने खाणाऱ्या आणि ठेच्याला लांबूनच हात जोडणाऱ्या परदेशी मुली काही कमी नाहीत. भावकी लग्नात जेवून गेली की गप्प बसते, निदान तोंडावर तरी. अवघड गोष्टी त्याच्या पुढच्या आहेत. त्यांच्याबद्दल तुमच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.

शिरूर-दौंडच्या माणसाला गोरा चेहरा नवा नाही. दौंडच्या रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९० नंतरच्या दुष्काळी वर्षांत मुक्ती मिशन उभं केलं, तेव्हा मिनी एब्रम्ससारख्या अमेरिकेतल्या बायका तिथे येऊन राहिल्या आणि दुष्काळातून आणलेल्या मुलींमध्ये काम करत राहिल्या. त्यांच्यात आणि तुमच्या सुनेत मोठा फरक आहे. त्यांच्याभोवती एक संस्था होती. सकाळी उठून करायचं काम होतं आणि मन मोकळं करायला आपल्या भाषेतली चार माणसं होती. तुमची सून न्हावऱ्याच्या किंवा पाटसच्या वस्तीवर येईल, तेव्हा तिला यातलं काहीच नसेल. नवरा लॅपटॉपवर बैठकीत, सासू गोठ्यात, आणि ती खाटेवर बसून सगळ्यांकडे पाहून हसते आहे. आठवडाभर हसता येतं. सहा महिने नाही येत.

दुसरं उदाहरण सांगली जिल्ह्यातलं. गेल ऑम्वेट अमेरिकेतून इथल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला आल्या, भारत पाटणकरांशी लग्न करून कासेगावच्या झाल्या, १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये कासेगावातच वारल्या. त्यांच्या सासूबाई इंदुताई पाटणकर स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या, पुढे परित्यक्ता बायकांच्या प्रश्नावर झटलेल्या. सासू-सून मोर्चात बरोबर असत. असं घर सगळ्यांच्या वाट्याला येत नाही आणि प्रत्येक सुनेने पुस्तकं लिहावीत असंही नाही. पण गेलबाईंना कासेगावात त्यांचं स्वतःचं काम होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या सुनेचं इथलं काम काय असेल, हा प्रश्न लग्नाच्या तारखेआधी मुलाला विचारा. "ती बघेल काहीतरी" असं तो म्हणाला तर त्याने अजून विचार केलेला नाही, असं समजा.

आता कागदपत्रांचं. हे कंटाळवाणं आहे, पण घरं इथेच फुटतात.

मुलगी हिंदू नसेल तर लग्न बहुधा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने करावं लागतं. दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य झालेलं हवं. मग नोटीस, नोटिशीनंतर पुन्हा ३० दिवसांची वाट, आणि सहीच्या वेळी तीन साक्षीदार. मुलगा पंधरा दिवसांची रजा काढून येणार आणि तुम्ही कार्यालय बुक करून बसणार, असं झालं तर गणित चुकलंच. हळद लावा, सप्तपदी घाला, तिला ते आवडेलही. पण कायद्याचं लग्न वेगळं. सुनेचं नाव बदलायची हौस असेल तर ती तांदळाच्या ताटातच राहू द्या. कागदावर पासपोर्टातलं नाव, एका अक्षराचाही फरक नको.

याच कायद्याचं १९ वं कलम आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. एकत्र हिंदू कुटुंबातल्या मुलाने या कायद्याखाली हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन नसलेल्या मुलीशी लग्न केलं, की तो त्या कुटुंबापासून विभक्त झाला असं कायदा मानतो. त्याचा हिस्सा जात नाही, घाबरू नका. पण सातबारा सामाईक आहे, विहिरीवर सोसायटीचं कर्ज आहे, दुसरा भाऊ इथे राबतो आहे, अशा घरात याचा अर्थ काय होतो ते आधी समजून घ्यायला हवं. लग्नाआधी चांगल्या दिवाणी वकिलाकडे जाऊन या आणि दोन्ही भावांना बरोबर न्या. एकट्याला नेलंत तर दुसऱ्याच्या मनात जे येईल ते पुढची वीस वर्षं निघणार नाही.

परदेशी नागरिकाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असलं तरीही. म्हणजे तिने आपल्या बचतीतून दोन एकराला पैसे दिले तरी जमीन मुलाच्याच नावावर चढणार. ते ओसीआय कार्डही लग्न नोंदवून सलग दोन वर्षं झाल्यावर मागता येतं, आणि घटस्फोट झाला की रद्द होतं. नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर इथे सात वर्षं राहावं लागतं आणि मिळालं की आधीचा पासपोर्ट सोडावा लागतो. दादा, जरा तिच्या जागी बसून बघा. जमीन दुसऱ्याच्या नावावर, देशात राहण्याचा हक्क लग्नावर टांगलेला, आणि भांडण झालं तर रागावून जायला माहेर एसटीच्या अंतरावर नाही. त्या मुलीने तुमच्या घरात आवाज चढवून बोलायलाही केवढं धाडस लागेल! म्हणून तिच्या नावावर वेगळं बँक खातं असू दे आणि तिचा पासपोर्ट तिच्याच कपाटात राहू दे. देवघरातल्या तिजोरीत नको, कितीही प्रेमाने ठेवलेला असला तरी.

यात एका बारीक गोष्टीची भर घालते. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची जबाबदारी ज्याचं घर त्याची, म्हणजे तुमची. तिचे आईवडील लग्नाला येतील तेव्हाही.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. थायलंडमध्ये लग्न करून राहिलेल्या युरोप-अमेरिकेतल्या बायकांनाही जमीन नावावर करता येत नाही. व्हिसावर सलग राहायचं तर दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवावा लागतो, आणि परदेशी माणूस राहायला आला की तिथल्या घरमालकालाही २४ तासांत वर्दी द्यावी लागते. तिथल्या संसारातला वादही आपल्या ओळखीचा आहे. कमावत्या मुलाने आईबापांना पैसे द्यायचे हे थाई घरात गृहीत धरलेलं असतं; गोऱ्या बायकोला ते कुणी आधी सांगितलेलं नसतं. मग ती म्हणते, आपल्या दोघांच्या पैशातून हे मला न विचारता कसं जातं? आणि नवरा म्हणतो, यात विचारायचं काय?

तुमच्याकडेही हेच होणार, लिहून ठेवा. मुलाने आजवर काय काय उचललं आहे? बहिणीचं लग्न, ठिबकचा खर्च, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. यात लाजण्यासारखं काहीच नाही. फक्त दरमहा किती पाठवतो, पुढे किती वर्षं पाठवणार आणि अडीनडीला किती मागितले जातील, हे त्याने तिला लग्नाआधी आकड्यांत सांगायला हवं. तो संकोचाने टाळेल. तुम्ही त्याला टाळू देऊ नका. उलट बाजूने, तिच्या आईवडिलांकडून मानपानाची अपेक्षा ठेवू नका. व्याह्यांना टोपी-उपरणं तुम्हीच द्या, ते खुशीत मिरवतील. "त्यांनी काहीच आणलं नाही" असा विषय मात्र मावशी-आत्यांनी काढायचा नाही, हे आधीच बजावून ठेवा.

रोजच्या राहण्यात खटके कुठे उडतील तेही सांगते. तिला पहाटे पळायला जायची सवय असेल. शिरूरच्या घोड-कुकडीकाठच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे, माणसं दगावली आहेत. उसाच्या कडेने अंधारात एकटं जाऊ नकोस, हे तुम्ही पोटच्या पोरालाही सांगता. तिलाही तसंच सांगा. पण मनात "लोक काय म्हणतील" असेल आणि तोंडाने बिबट्याचं नाव घेत असाल, तर ते नको. चांगलं ऊन पडल्यावर गावच्या रस्त्याने पळते म्हणाली आणि तरी तुम्ही नको म्हणालात, तर खरं कारण तिला कळायला मराठी यावी लागणार नाही.

ती खोलीचं दार लावून बसेल. आपल्याकडे दिवसा दार लावलं की आजारपण नाहीतर भांडण. तिच्याकडे ते नुसतं वाचत बसणं असतं. शेजारणी न सांगता घरात शिरतील, तिचे केस हात लावून बघतील, पगार विचारतील, "गुड न्यूज" विचारतील. पहिल्या दोन गोष्टी ती हसून घेईल, पुढच्या दोन नाही. शेजारणींना आवरणं हे काम तुमचं, ताई. सून ते करायला गेली तर शिष्ट ठरेल. पाळीच्या दिवसांत बाजूला बसायचं अजून घरात असेल, तर ते तिच्या निमित्ताने बंदच करून टाका. त्यावर चर्चा करत बसण्यासारखं काही नाही.

मूल होईल तेव्हा खरी कसोटी. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. तिचं माहेर विमानाच्या पलीकडे, म्हणून तिची आई इथे येईल आणि दोन आज्या एका बाळंतिणीवर नजर ठेवून बसतील. एक म्हणेल शेक-शेगडी, दुसरी म्हणेल खिडकी उघडा. डॉक्टर काय म्हणतात ते दोघींनी ऐकायचं आणि बाकीचं बाळंतिणीने ठरवायचं. डिंकाचे लाडू करून द्या, "खाल्लेच पाहिजेत" म्हणू नका.

भाषेचं मात्र तुम्ही हट्टाने धरा. आई बाळाशी तिच्या भाषेत बोलू दे, तुम्ही मराठीतच बोला, शुद्ध शिरूरच्या मराठीत. लहान मुलाला दोन भाषा जड जात नाहीत. नातवाशी मोडक्या इंग्रजीत बोलणारे आजोबा पाहिले की मला वाईट वाटतं. जी भाषा त्यांना पुरती येते तिच्यातलं सगळं ते पोराला द्यायचं सोडून देतात. शाळेचा वादही उगाच घालू नका. वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा शिरूर तालुक्यातच आहे, आणि तिथे प्रवेशासाठी रांगा लागल्या होत्या. इंग्रजी आईकडून घरी मिळणारच आहे. मुलाचं नागरिकत्व आणि पासपोर्ट यांचा निर्णय मात्र जन्माच्या आधी दोघांनी नीट माहिती घेऊन करावा, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं बोलत आले ते.

तुमच्या घरात एक सून आधीच आहे. शिक्रापूरची, नाहीतर वरवंडची. आठ वर्षांपूर्वी आली. तिने डोक्यावरचा पदर सांभाळला, पहाटे उठून चूल पेटवली, सणाला माहेरी जायचं तर विचारून गेली, शिक्षण बी.कॉम. असून नोकरीचं नाव काढलं नाही कारण तुम्हाला बरं वाटलं नसतं. आता धाकटी येणार. ती जीन्स घालणार, आठला उठणार, सासऱ्यांना हात हलवून "हाय" म्हणणार, आणि तुम्ही कौतुकाने म्हणणार, "तिकडची आहे ना, तिला काय माहीत!" गावजेवणात तिचे फोटो निघतील आणि पंगतीला वाढायला थोरली असेल.

परदेशी सुनेच्या घरात फट पडते ती बहुधा याच ठिकाणी. धाकटीचा यात दोष नाही. तिला तर कळतही नाही की घरात नियम दोन आहेत. थोरली तिच्यावर धुमसते, थोरलीचा नवरा भावावर, आणि मग त्या १९ व्या कलमाची आठवण सगळ्यांना एकाच दिवशी होते. थोरली बोलणार नाही. भांडी जरा जोरात आपटतील, एवढंच.

म्हणून ताई, धाकटीला जे देणार आहात त्याची यादी मनात करा आणि ती धाकटी यायच्या आधी थोरलीला देऊन टाका. धाकटीला पदर नको असेल तर थोरलीला आजपासून नको. धाकटीने काम करायचं म्हणता, मग थोरलीच्या त्या बी.कॉम.चं काय? शिरूरला, रांजणगावला हिशेब लिहिणारी माणसं हवीच असतात. तिला विचारा तरी. आणि "तुला आता कशाला, सवय झालीये" असं म्हणू नका. ती सवय कशी झाली हे घरात सगळ्यात जास्त तुम्हालाच माहीत आहे. तुमच्या सासूने तुम्हाला काय सोडलं आणि काय नाही, तेही.

तिच्या आईवडिलांशी अजून बोलला नसाल तर येत्या रविवारी व्हिडिओ कॉल लावा. मुलाला मधे दुभाषा म्हणून बसवा, पण तो आपल्या सोयीचं तेवढंच सांगत नाही ना यावर लक्ष ठेवा. त्यांनाही विचारायचं असेल: दवाखाना किती लांब आहे, लेकीला एकटीला बाहेर जाता येईल का, वर्षातून एकदा ती येईल का. खरं ते सांगा, वीज जाते तेही सांगा. ते युरोपात असतील तर आपल्या सकाळी नको, तिकडे तेव्हा अजून उजाडलेलं नसतं. दुपारी तीननंतर लावा. आणि थोरलीचं काम आवरेपर्यंत थांबा, तिलाही एक खुर्ची ठेवा, कारण त्या मुलीला पुढे ज्या बाईजवळ सगळ्यात जास्त वेळ काढायचा आहे ती तीच आहे.