अकरांतील एक जागा

फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात, ही गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या अकरा जागांसाठी पंधरा-वीस खेळाडू वर्षभर घाम गाळीत असतात, याचा विचार प्रेक्षक क्वचितच करतात. प्रतिपक्षाशी होणारी झुंज सर्वांना दिसते. त्याआधी सरावाच्या मैदानावर आपल्याच मित्राशी, आपल्याच रंगाचा सदरा घातलेल्या सोबत्याशी, एका जागेसाठी जी चुरस चालते ती कोणास दिसत नाही. ही चुरस संघाला बळ देते की दुबळे करते, आणि जो मागे राहतो त्याचे काय होते, या प्रश्नांचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपले सिकंदराबाद शहर हीच या विषयाची उत्तम पाठशाळा आहे.

सिकंदराबाद ही मूळची लष्कराची छावणी. पलटणींबरोबर मैदाने आली आणि मैदानांबरोबर फुटबॉल आला. शिपाई, रेल्वेचे कामगार आणि आसपासच्या वस्त्यांतील गरीब मुले या खेळाकडे ओढली गेली. शेजारच्या हैदराबादेत या वेडाला शिस्त लावण्याचे काम ज्या पुरुषाने केले, ते सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर होते. १९०९ साली जन्मलेल्या या शिक्षकाने १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाला शिकविण्यास आरंभ केला. त्या वर्षापासून १९५४ पर्यंत सलग पाच वेळा या संघाने मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. कूपरेजच्या मैदानावर सामने पाहणाऱ्या मुंबईकरांना हैदराबादचे पोलीस हे नाव तोंडपाठ झाले होते. पुढे भारतीय संघाच्या प्रशिक्षणाची धुराही रहीमसाहेबांनीच वाहिली.

रहीमसाहेबांची शिकविण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. खेळाडूंनी केवळ आपल्या कमजोर पायानेच चेंडू मारावा, अशी अट घालून ते सामने भरवीत. चेंडू पायाशी खेळवीत न बसता तो तत्काळ सोबत्याकडे द्यावा, अशी अट असलेले सामनेही ते घेत. वरवर पाहता हा गमतीचा प्रकार वाटेल. परंतु त्यामागील हेतू खोल होता. जो केवळ उजव्या पायाने खेळतो तो उजव्या बाजूच्या एकाच जागेचा उमेदवार असतो. ज्याचे दोन्ही पाय तयार आहेत त्याला दोन जागा मोकळ्या असतात. जागेची स्पर्धा म्हणजे दुसऱ्याला ढकलून पुढे जाणे नव्हे, तर आपली योग्यता वाढवून स्वतःसाठी अधिक दारे उघडणे होय, हा धडा त्या मास्तरांनी मैदानावर दिला.

या धड्याचे एक उदाहरण सिकंदराबादेतूनच मिळते. तुळसीदास बलराम यांचा जन्म १९३६ साली सिकंदराबादच्या अम्मुगुडा भागात एका गरीब कुटुंबात झाला. पायांत घालावयास बूटही नाहीत, अशा स्थितीत त्यांचा खेळ सुरू झाला. रहीमसाहेबांच्या नजरेत हा मुलगा भरला. पण अम्मुगुड्याहून हैदराबादला रोज सरावास यायचे कसे? तेव्हा सायकल भाड्याने घेण्यासाठी रहीमसाहेबांनी आपणास पैसे दिले, अशी आठवण बलराम पुढे सांगत असत. निवड करणाऱ्याचे कर्तव्य यात स्पष्ट दिसते. ज्याच्यापाशी मैदानावर पोहोचण्याचेच साधन नाही, त्याला स्पर्धेत हरलेला म्हणता येत नाही. सर्वांना आरंभरेषेपर्यंत आणून सोडणे, हे न्याय्य स्पर्धेचे पहिले लक्षण आहे.

त्या सायकलीचे फळ पुढे साऱ्या देशाने पाहिले. हैदराबादने १९५६-५७ आणि १९५७-५८ या लागोपाठच्या दोन हंगामांत राष्ट्रीय स्पर्धेचा संतोष करंडक जिंकला आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात मुंबईला हरविले. बलराम या विजयांचे वाटेकरी होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी हंगेरी आणि पेरू या दोन्ही देशांविरुद्ध गोल केले. आघाडीच्या फळीत डावीकडे, आत किंवा मध्यभागी, जेथे संघाला गरज असेल तेथे ते खेळू शकत. पी. के. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी यांच्यासारखे खेळाडू त्याच फळीत असताना बलराम यांची जागा टिकून राहिली, यात या गुणाचा वाटा मोठा होता.

दुसरे उदाहरण पीटर थंगराज यांचे. १९३५ साली हैदराबादेत जन्मलेल्या थंगराज यांनी सिकंदराबादच्या मॉर्निंग स्टार आणि फ्रेंड्स युनियन या क्लबांतून खेळास प्रारंभ केला. १९५३ साली ते सैन्यात, मद्रास रेजिमेंटल सेंटरमध्ये दाखल झाले. त्या वेळी ते आघाडीच्या मध्यभागी खेळत. गोल करणाऱ्या या खेळाडूला पुढे गोल अडविणाऱ्याची जागा मिळाली! सहा फुटांहून अधिक उंची आणि लांब हात यांचे चीज गोलच्या दोन खांबांमध्ये झाले. मद्रास रेजिमेंटल सेंटरने १९५५ आणि १९५८ साली ड्युरँड करंडक जिंकला आणि थंगराज यांची गणना आशियातील श्रेष्ठ गोलरक्षकांत होऊ लागली. आपणास आवडणारी जागा एक असते आणि आपण शोभतो ती जागा दुसरीच असू शकते. हे वेळीच ओळखणे यात कमीपणा नाही.

आता या विषयातील सर्वांत कठीण भागाकडे वळू. आघाडीच्या फळीत चार-पाच जागा असतात. तेथे एक हुकली तर दुसरी मिळण्याची आशा असते. गोलरक्षकाची जागा मात्र एकच. त्यातही त्या काळी सामना चालू असताना खेळाडू बदलण्याची मुभा आजच्यासारखी नव्हती. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत बदली खेळाडूंना प्रथम परवानगी मिळाली ती १९७० साली. म्हणजे आरंभीच्या अकरांत ज्याचे नाव नाही, त्याने संपूर्ण सामना बाहेर बसूनच पाहावयाचा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला आणि त्यानंतर रोमलाही थंगराज यांच्याबरोबर मुंबईचे एस. एस. नारायण हे दुसरे गोलरक्षक होते. दोघेही देशात नामांकित, दोघांनीही आयुष्याची उमेदीची वर्षे एकाच जागेसाठी वेचलेली. अशा ठिकाणी कोणाच्या तरी मनाला चटका बसणारच.

१९६२ साली जकार्ता येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत हीच कसोटी पुन्हा आली. भारताच्या संघात थंगराज आणि बंगालचे प्रद्योत बर्मन असे दोन गोलरक्षक होते. थंगराज फ्लूने आजारी पडले आणि गोल राखण्याची जबाबदारी बर्मन यांच्यावर आली. भारताने पहिला सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा गमावला होता. नंतर मात्र थायलंडला ४-१, जपानला २-० आणि उपान्त्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे हरवून संघ अंतिम फेरीत पोहोचला. उपान्त्य सामना जिंकून बर्मन यांनी आपले काम चोख बजावले होते. तोपर्यंत थंगराज बरे झाले होते. आता गोलमध्ये कोणी उभे राहावयाचे?

४ सप्टेंबर १९६२ रोजी, पुन्हा दक्षिण कोरियाशीच पडलेल्या गाठीत, रहीमसाहेबांनी थंगराज यांना उभे केले. ज्याने संघाला अंतिम सामन्याच्या दारापर्यंत आणले तो बाहेर आणि आजारातून उठलेला आत! हा अन्याय होता काय? आमच्या मते या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही खरी आहेत. बर्मन यांच्या बाजूने पाहिले तर त्यांच्या हातून कोणतीही कसूर झाली नव्हती. त्यांना वाईट वाटले असल्यास ते स्वाभाविकच म्हणावे लागेल. प्रशिक्षकाच्या बाजूने पाहिले तर त्याला मागील सामन्याचे बक्षीस वाटावयाचे नव्हते, पुढील सामन्यासाठी माणूस निवडावयाचा होता. संघातील जागा हे गतकार्याचे पारितोषिक नसून येणाऱ्या कार्याची जबाबदारी आहे, या एकाच तत्त्वावर अशी निवड टिकते.

हे तत्त्व रहीमसाहेबांनी एकट्या गोलरक्षकालाच लावले असे नाही. बचावफळीचा आधारस्तंभ असलेले जर्नेलसिंग थायलंडविरुद्धच्या सामन्यात डोक्याला जखम होऊन टाके घालण्याइतके घायाळ झाले होते. त्यांना रहीमसाहेबांनी उपान्त्य आणि अंतिम सामन्यांत चक्क आघाडीच्या मध्यभागी खेळविले. अंतिम सामन्यात सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी आणि विसाव्या मिनिटाला याच जर्नेलसिंगांनी गोल केला. अखेरीस कोरियाने एक गोल फेडला, तरी भारताने २-१ असा विजय मिळवून सुवर्णपदक पटकाविले. रहीमसाहेब त्या वेळी कर्करोगाने पोखरले गेले होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या सुवर्णपदकात बर्मन यांचा वाटा किती? अंतिम सामन्याचा वृत्तांत वाचणाऱ्यास त्यांचे नाव सापडणार नाही. परंतु उपान्त्य सामना गमावला असता तर अंतिम सामना भारताच्या वाट्याला आलाच नसता. शिवाय, थंगराज यांच्या आजारपणात संघ डगमगला नाही, याचे कारण दुसऱ्या क्रमांकाच्या गोलरक्षकाने आपली तयारी पहिल्या क्रमांकाइतकीच ठेवली होती. निवड होईल की नाही याची खात्री नसताना रोज पूर्ण तयारी करणे, हे निवड झाल्यावर खेळण्यापेक्षा कठीण काम आहे. संघाचे खरे बळ त्याच्या अकरा खेळाडूंवरून नव्हे, तर बाराव्यावरून मोजावे, असे आम्हांस वाटते.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शाळेतही जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ असतात. कबड्डीचा संघ असो, नाटकातील मुख्य भूमिका असो की वक्तृत्वस्पर्धेसाठी व्हावयाची निवड असो, यादी लागली की काही चेहरे उजळतात आणि काही उतरतात. उतरलेल्या चेहऱ्याच्या मुलाला निष्ठुरपणे ‘खिलाडूवृत्ती ठेव’ असे सांगून मोकळे होऊ नये. त्याचे दुःख खरे असते. त्याला तीन प्रश्न स्वतःस विचारता येतील: माझा दुसरा पाय तयार आहे काय? मला शोभणारी जागा कोणती, याचा मी कधी शोध घेतला आहे काय? आणि उद्या अचानक बोलावणे आले, तर मी उभा राहू शकेन काय? ज्याची निवड झाली त्यानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच्या खेळाला धार आली ती मागे उभ्या असलेल्या मित्रामुळे. तो मित्र दुबळा असता, तर याचाही खेळ सैल पडला असता. आणि निवड करणाऱ्या आम्हां मोठ्यांवरची जबाबदारी याहूनही मोठी आहे: सायकलीच्या भाड्यावाचून कोणी बलराम घरी बसून राहिलेला नाही ना, हे यादी लावण्यापूर्वी पाहिले पाहिजे.