आत शिरायची वाट

मनू, उद्या मंडीदीपच्या कारखान्यात तू एकटीच स्विच लावणार, म्हणून थोडं बोलू या. कमांड तुला पाठ आहेत, त्याची मला काळजी नाही.

स्विचला आयपी कशासाठी देतो, हे आधी डोक्यात पक्कं असू दे. एकाच नेटवर्कातल्या मशिनी एकमेकींशी बोलतात, त्याला स्विचचा आयपी लागतच नाही. तो पत्ता आपल्यासाठी, दुरून आत शिरायला. म्हणून सुरुवात कन्सोल केबलनेच कर, सिस्कोला वेग ९६००. नाव, पासवर्ड, मग व्हीलॅन इंटरफेसवर आयपी आणि मास्क. पत्ता डीएचसीपीच्या वाटपाबाहेरचा घे, नाहीतर एखाद्या दिवशी कुणाच्या प्रिंटरलाही तोच मिळायचा. डिफॉल्ट गेटवे विसरलीस तर शेजारच्या टेबलावरून पिंग लागेल आणि भोपाळच्या ऑफिसातून लागणार नाही. उत्तर कुठल्या वाटेने धाडायचं हे स्विचला कळतच नाही गं. टेलनेट बंद, एसएसएच चालू. टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो.

मला धास्ती आहे ती पुढच्या महिन्यांची, तू घरून बदल करशील तेव्हाची. गेटवेचा एक आकडा चुकला की तू बाहेर. कारखाना चालू, स्विच चालू, दार फक्त तुला बंद. मग अयोध्या नगरातून अख्खं शहर ओलांडून रात्री मंडीदीप गाठायचं? मला नाही चालणार ते.

तर ऐक. आधी चालू असलेली सेटिंग सेव्ह कर, मग 'रीलोड इन १०' दे. त्यानंतर बदल कर, पण तो सेव्ह करू नकोस. अडकलीस तर दहा मिनिटांनी स्विच आपणहून रीस्टार्ट होऊन जुन्या सेटिंगवर येतो. सगळं नीट झालं तर दुसरी एसएसएच खिडकी उघडून खात्री कर, 'रीलोड कॅन्सल' दे आणि मगच 'राइट मेमरी'. हा कॅन्सल मात्र कधी चुकवू नकोस, नाहीतर चालत्या कामात स्विच बसेल आणि त्याच्यावरच्या मशिनी काही मिनिटं तुटतील. म्हणून वेळ शिफ्ट इनचार्जला विचारूनच ठरव, त्यांचा नंबर उद्याच घे.

आणि केबल यूएसबीवाली ने हं. जुन्या निळ्या केबलचं टोक तुझ्या लॅपटॉपला बसत नाही.