शेडमधली भट्टी

चि. बाळास औशाहून काकाचे अनेक आशीर्वाद.

परवा आत्याचा फोन आला. चाकणच्या शेडमध्ये तुम्ही मित्र पाती घडवता, तिथं तेलाचा भडका उडाला आणि तुझ्या भुवया जळाल्या म्हणे. घरी तू सांगितलंस की गॅस पेटवताना झालं. तुझ्या आईला ते पटलं, काकाला नाही. डोळ्यांना काही झालंय का, एवढं आधी कळव. बाकीचं पत्र नंतर वाच.

लाल पातं तेलात अर्धवट बुडवलं की वर राहिलेला भाग तेलाची वाफ पेटवतो. पातं एका दमात पुरतं आत गेलं पाहिजे. भांडं उंच आणि लोखंडी हवं, त्याचं झाकण हाताशी हवं. प्लास्टिकची बादली कुणाच्या डोक्यातून निघाली? इंजिनचं जळकं तेल फेकून द्या, शेंगतेलानं काम भागतं. जस्त चढवलेला पाइप भट्टीजवळही नको. जस्त ९०७ अंशांना उकळतं, तुमची भट्टी त्याच्याही पुढं जाते. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि गॉगल? शेडमधल्या फोटोत तुम्हा चौघांपैकी एकाच्याही डोळ्यांवर नाही.

गावात वेगळीच आवई आहे, पोरगं तलवारी बनवतंय. काकानं दोघांना झाडलं, पण तूही ऐक. शस्त्र कायदा १९५९चा. २०१६च्या नियमांत तलवार, खंजीर आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रांत धरली आहे. घरकामाची, शेतीची, कारखान्यातली अवजारं तेवढी सोडली आहेत. गंमत म्हणूनसुद्धा तलवार घडवू नकोस. खुरपं, विळा, सुरी यांत तुझं सगळं कसब लागेल.

आपल्या आळीत एक लोहारबाबा होते. वेशीबाहेर घिसाड्यांची पालं पडायची. बाई घण मारायची, नवरा सांडशीत लोखंड धरायचा, पोरगं भाता ओढायचं. पण खुरपी पाजवायला लोक बाबांकडंच यायचे. लोखंडाचा रंग बघून ते सांगायचे, आता. तुझ्या काकाला हाक मारायचे, ये, भाता धर. काका टायपिंगच्या क्लासला जायचा. कचेरीतल्या नोकरीपुढं भाता हलका वाटायचा. बाबा गेले आणि तो ‘आता’ कधीचा, हे विचारायचं राहून गेलं. अजून टोचतं.

शेवटी बाबांना दिसत नव्हतं. भट्टीच्या झोताकडं वर्षानुवर्षं बघणाऱ्याला मोतीबिंदू होऊ शकतो. काचकामगारांत डॉक्टरांनी तो पाहिलेला आहे. म्हणून काका पुन्हा पुन्हा डोळ्यांवर येतो.

तापलेल्या लोखंडाचा रंग ओळखायचा तर सावलीत, उन्हात तो फसवतो. चुंबक चिकटेनासं झालं म्हणजे लोखंड ७७० अंशांच्या आसपास आलं. ट्रकच्या पाट्याचं पोलाद त्याहून थोडं वर नेऊन मग तेलात. निवल्यावर ते काचेसारखं ठिसूळ असतं. त्याच दिवशी २०० अंशांवर तास-तासभर दोनदा तापव. तसं न करता आपटून बघितलंस तर तुकडा उडेल, आणि कुठं उडेल हे पुन्हा लिहायला नको.

एवढं रागावूनही हे काम सोड असं काका म्हणणार नाही. नांदेडच्या पलीकडं, निजामाबादेत, कोनासमुद्रम आहे. तिथं मुशीत पोलाद करायचे. हेन्री व्हॉयसी नावाच्या साहेबानं ते पाहून लिहून ठेवलं. त्याचं टिपण १८३२ मध्ये छापलं गेलं. इस्फहानचा एक व्यापारी तिथं मुक्कामाला होता. त्यानं सांगितलं, ही रीत आमच्या देशात करून पाहिली, जमली नाही. लंडनमध्ये लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे याच हिंदुस्थानी पोलादाचं मर्म शोधत बसला होता. आपल्या मुलखाशेजारचं हे ज्ञान, आणि तुम्ही पोरं रविवारची झोप मोडून त्याच्यामागं लागलात. बाबा असते तर तुला भात्यापाशी बसवून घेतलं असतं.

काकूच्या विळीचं पातं झिजून सुतळीएवढं राहिलंय. बाजारातलं ती घेत नाही, म्हणते बाळ करील. घाई नाही, दिवाळीपर्यंत कर. मित्रांनाही घेऊन ये, माडीवर झोपायला जागा आहे. त्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन ये, पैसे आजच पाठवतो. भुवया उगवतील, आईपासून लपवू नकोस. तिला काका सांगेल, तुला रागावू देणार नाही.

तुझा,
काका