पोपटाच्या पायाची जखम : आधी दांडी बदला, मग मलम

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलली नाही तर पाठीला, कमरेला जखमा होतात, हे आपल्या घरोघरी माहीत आहे. पिंजऱ्यातल्या पोपटाचेही तसेच होते. पक्षी झोपतोसुद्धा उभ्यानेच. पिंजऱ्यात एकच गुळगुळीत दांडी असेल तर रात्रंदिवस सगळे वजन तळव्याच्या त्याच जागेवर पडते. तिथली कातडी पातळ होते, भेगाळते आणि विष्ठेतले जंतू आत शिरतात. म्हणून ही जखम नुसत्या मलमाने भरत नाही; दाब काढावा लागतो. लव्हबर्ड, कॉकॅटेल आणि दारातली गावठी कोंबडी यांनाही हा त्रास होतो.

पाय कसा तपासाल?
आठवड्यातून एकदा पक्ष्याला पंचात अलगद धरा. छाती दाबू नका. छाती हलली तरच त्याला श्वास घेता येतो. निरोगी तळवा बारीक दाणेदार, खरखरीत असतो. तो गुळगुळीत, चकचकीत आणि लालसर दिसला की दुखणे सुरू झाले असे समजा. सूज, काळी खपली, सतत तोच पाय वर धरणे ही पुढची लक्षणे. जंतू हाडापर्यंत गेले तर पाय कायमचा अधू होतो, जीवही जाऊ शकतो.

टाळायचे कसे?
१. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या फांद्या धुऊन, वाळवून लावा. एक जाड, एक बारीक, एक वाकडी. फवारणीची फांदी नको. कण्हेर विषारी आहे, ती कधीच नको.
२. फांदी इतकी जाड हवी की पुढची-मागची बोटे एकमेकांना टेकणार नाहीत. बसायला एक सपाट फळीही ठेवा.
३. तळाचा कागद रोज बदला, दांड्या आठवड्याला घासून धुवा.
४. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया आणि भात यावर पक्षी लठ्ठ होतो आणि त्याला अ जीवनसत्त्व कमी पडते, कातडी कमजोर होते. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर द्या. चहा, खारी, फरसाण बंद.

नुसती लाली असेल तर
एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात दीड सपाट लहान चमचा मीठ घाला. दिवसातून दोनदा पाय त्यात पाच मिनिटे बुडवून मऊ कापडाने टिपा. दांड्या त्याच दिवशी बदला. आठवड्यात फरक नाही पडला तर दवाखाना गाठा.

हे करू नका
सूज किंवा खपली असेल तर ती घरी कापू, पिळू नका. पक्ष्याचा पू घट्ट, चिजासारखा असतो, तो दाबून निघत नाही. रॉकेल, चुना, गरम तेल लावू नका. आपल्या खाजेची स्टेरॉइडची मलमे आणि दुखण्याच्या गोळ्या पक्ष्याला घातक ठरू शकतात.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गाई-म्हशींचा नाही, तो आपलाही आहे. संकोच न करता जा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

कायदा लक्षात ठेवा
लाल चोचीचा हिरवा देशी पोपट पकडणे, विकणे, पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बाजारात कोणी पिल्लू विकत असेल तर घेऊ नका. घरात असा पोपट असेल तर घाबरून सोडून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेला, पाय दुखावलेला पक्षी बाहेर तगत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारा आणि त्यांच्या ताब्यात द्या.

आपली काळजी
पिंजरा साफ करताना तोंडाला फडके बांधा, विष्ठा ओली करूनच पुसा, नंतर साबणाने हात धुवा. लहान मुलांना हे काम देऊ नका. पोपटापासून माणसालाही फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. घरात कोणाला ताप आणि कोरडा खोकला आला तर डॉक्टरांना आवर्जून सांगा : आमच्या घरी पक्षी आहे.