‘इललीगल इन्स्ट्रक्शन’च्या दोन रात्री

प्रोग्रॅम सुरू व्हायचा आणि ‘इललीगल इन्स्ट्रक्शन’ एवढंच म्हणून मान टाकायचा. लॉग कोरा. ऑफिसातल्या नव्या एआरएम सर्व्हरवर तोच आठवडाभर बिनतक्रार चालला होता; ग्राहकाकडच्या रास्पबेरी पाय ४ वर मात्र उंबरठाही ओलांडेना. प्रस्तुत लेखकाने दोन रात्री एसडी कार्डावर, पॉवर सप्लायवर, अगदी ग्राहकावरही संशय घेतला. चोर घरातच होता: वेगाच्या हौसेने त्याने स्वतःच कंपायलरला ‘नेटिव्ह’चा पर्याय दिला होता, म्हणजे ‘बिल्ड करणाऱ्या सर्व्हरच्याच प्रोसेसरला साजेसा कोड बनव’ असं सांगितलं होतं.

झालं असं. अनेक थ्रेड एकच आकडा वाढवतात, तेव्हा ते काम मध्ये कुणी न घुसता व्हावं लागतं. मूळ एआरएमव्ही८ मध्ये त्यासाठी दोन सूचनांची जोडी आहे. पहिली किंमत वाचून त्या जागेवर पाळत ठेवते. दुसरी, दरम्यान कुणी हात लावला नसेल तरच लिहिते. लावला असेल तर पुन्हा पहिल्यापासून. कोअर वाढले की ही येरझार महाग पडते. म्हणून एआरएमव्ही८.१ मध्ये ‘एलएसई’ आलं: बेरीज, अदलाबदल, तुलना करून बदल, प्रत्येक काम एका सूचनेत. सर्व्हरला हे येत होतं. पाय ४ चा कॉर्टेक्स-ए७२ जुन्या पिढीचा, त्याला येत नाही. पाय ५ च्या ए७६ ला येतं.

तेव्हा बिल्ड सर्वांत जुन्या लक्ष्यासाठी करावा आणि निवड चालत्या प्रोग्रॅमवर सोडावी. २०२० च्या जीसीसी १० पासून लिनक्सवर ‘आउटलाइन ॲटॉमिक्स’ आपोआप चालू असतात. प्रोग्रॅम सुरू होताना कर्नलला ‘एलएसई आहे का?’ असं एकदाच विचारलं जातं, उत्तर एका व्हेरिएबलमध्ये राहतं, आणि छोटी मदतनीस फंक्शन्स ते पाहून वाट निवडतात. आपल्याला पाहायचं असेल, तर सीपीयूइन्फो फाइलमधल्या ‘फीचर्स’च्या ओळीत ‘ॲटॉमिक्स’ हा शब्द शोधावा.

अर्थात कर्नलही चुकतो. गॅलक्सी एस९ च्या एक्झिनोस ९८१० चिपमध्ये काही कोअर एलएसई जाणणारे, काही नाही. तरी अँड्रॉइड ८ चा कर्नल ‘आहे’ म्हणून सांगायचा. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर-संचाच्या रनटाइममध्ये या एकट्या चिपचं नाव घेऊन तपासणी लिहावी लागली.

प्रस्तुत लेखकाच्या टेबलावर हल्ली एक पाय ४ कायमचा मुक्कामाला आहे. प्रत्येक बिल्ड आधी त्याच्यावर चालतो.